वरच्या मजल्यावरचा गुंड

मुलांनो, आमच्या अंधेरीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर घानाहून आलेला एक पत्रकार राहतो. मायदेशीच्या वर्तमानपत्राला बातम्या पाठवतो आणि अधूनमधून हिंदी सिनेमात गुंड होऊन मार खातो. शूटिंगहून परतताना माझ्या दारात थांबून सांगतो, "आजी, आज पण मेलो."

"मेल्या, आधी चहा घे," मी म्हणते.

गेल्या महिन्यात त्याला पहिल्यांदाच संवाद मिळाला. सेटवर दिग्दर्शक म्हणाला, "तुझ्या भाषेत काहीपण बडबड रे, इथे कोणाला कळतंय?" याने डोळे वटारले आणि माझं मासेवालीशी चालणारं रोजचं भांडण मराठीत ठोकून दिलं, "काय गं, बर्फातली पापलेटं ताजी म्हणून विकतेस?" लाइटवाले हसत सुटले आणि याची भूमिका गेली.

संध्याकाळी हे ऐकून मी चिडले. "अरे, बडबडायचं होतंस ना चार शब्द."

"आजी, माझी आई माझे सगळे सिनेमे बघते. तिला ती बडबड कळली असती," तो म्हणाला. मग बशीत चहा ओतत हसला. "मराठी तिला कळत नाही. तिला वाटलं असतं, मुलगा काहीतरी मोठं बोलतोय."