पापणीआडची बिऱ्हाडं

आमच्या साताऱ्याकडे मुलाला डॉक्टरकडे न्यायचं तर आधी घासूनपुसून, नखं कापून न्यायचं. पोर आजारी चालतं, मळकं चालत नाही. यजमानांच्या बदलीबरोबर ही पद्धतही मी चंदीगडला घेऊन आले.

आमच्या वरच्या मजल्यावर डोळ्यांची एक मराठी डॉक्टर राहते. निरोगी मुलांच्या डोळ्यांवर कोणते जिवाणू असतात, हे तिला तपासायचं होतं. "वहिनी, तुमची लेक पाठवा ना," ती म्हणाली. "खालच्या पापणीच्या आत कापसाची काडी हलकेच फिरवायची, बस." माझ्या मुलीच्या डोळ्यांत जंतू? मला रागच आला. "असतात हो सगळ्यांच्याच. गुण्यागोविंदाने राहतात बिचारे," ती हसत म्हणाली.

लेक मात्र हरखली. नऊ वर्षांची आहे. लहानपणी चार वेळा तापाने निजली, तेव्हापासून येईल-जाईल त्याला मी "आमची जरा नाजूकच आहे हो" असं ऐकवत आले. निरोगी मुलांत आपली गणती होणार, याचंच तिला अप्रूप.

तपासणीच्या दिवशी सकाळी तिचा डावा डोळा मला किंचित लाल दिसला. दुसऱ्या कुणाला दिसला नसता. माझे डोळे आले होते तेव्हाचं जंतू मारायचं औषध कपाटात होतं. पाहुणे यायच्या आधी केर काढावा तसे मी दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब घातले.

"डोळ्यांत काही घातलं नाही ना?" डॉक्टरने विचारलं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण लेक बघत होती. सांगून टाकलं.

"अहो वहिनी, ज्यांना भेटायचं होतं त्यांनाच हाकलून दिलंत!" तिने कपाळाला हात लावला. आता महिनाभराने या, म्हणाली. घराच्या दारात लेक म्हणाली, "मम्मा, अब मेरी आँखों को हाथ नहीं लगाना."

महिन्याने ती माझ्यापासून चार हात लांबच राहिली. चिपडंसुद्धा पुसू दिली नाहीत. तशीच, झोपेतून उठलेल्या तोंडाने, वर गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काही दिवसांनी डॉक्टरने तिला तिच्याच डोळ्यांतले जंतू वाढवलेली, झाकण लावलेली एक काचेची ताटली दाखवली. आत चार-पाच पांढुरके ठिपके होते. "साधी मंडळी आहेत. तुझे डोळे एकदम ठणठणीत."

लेक कितीतरी वेळ ताटलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आंटी, ये मम्मा को बताओ ना. ज़ोर से."

मी तिच्या मागेच उभी होते.