ज्याला डेंगू होऊन गेलाय, त्यालाच पाठवा

मंडळी, आज कानावर पडलेलं एक वाक्य तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

मी नांदेडला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. डेंगूच्या विषाणूचे चार प्रकार असतात. रुग्णाला कोणता झालाय, ते आम्ही शोधतो. आज मुदखेडच्या एका तरुणाच्या रक्तात दोन प्रकार एकदम सापडले. माझ्याच हातून काही सरमिसळ झाली असेल म्हणून पुन्हा लावून बघितलं. तेच आलं.

रिपोर्ट न्यायला त्याची बहीण आली होती. म्हणाली, "मॅडम, दवाखान्यात भावापाशी घरच्यांनी मलाच पाठवलं. मला मागल्या साली होऊन गेला ना! कांजण्यावानी, एकदा झाला की परत होत न्हाई म्हणतेत."

मी म्हटलं, "ताई, तुम्हाला चारातला एक झाला. बाकीचे अजून होऊ शकतात, आणि दुसऱ्यांदा झाला तर जास्त जड जाऊ शकतो. भावाला चावलेला डास काही दिवसांनी दुसऱ्याला चावला की झालं."

ती मग म्हणाली, "आता कुणाला बोलवू मग?"

"माणूस बदलायला नको. आधी मच्छरदाणी आणा, भावाच्या पलंगाला बांधा."

तिने मान हलवली, पण जाईना. दारातच फोन काढत हळूच म्हणाली, "घरी आईला बी ताप हाय. तिच्यापाशी धाकटीला बसवलंय. तिलाबी होऊन गेलाय म्हणून."

तुमच्या घरी आजाऱ्यापाशी कुणाला बसवता? आणि काय म्हणून?