परपुरुषाचा हात

नर्स व्हायचं त्यानं ठरवलं तेव्हा घरात पहिलं तोंड उघडलं ते आत्यानं. "मुलगा नर्स? मग सुनेला काय पोलिसात धाडणार?" सगळे हसले. वडीलही हसले, आणि त्यानंतर कोणी विचारलं की 'धाकटा हॉस्पिटलात असतो' एवढंच सांगायला लागले. तिथं काय करतो, हे ज्याचं त्यानं आपल्या अकलेनं ठरवावं. लोक त्याला डॉक्टर समजत आणि वडील समजू देत.

तो शिकून बाहेर पडला आणि साथ आली. एरवी ज्या हॉस्पिटलनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं, त्यानं त्याला आणि त्याच्यासारख्या आणखी काही जणांना उभ्या उभ्या कामावर घेतलं. काय येतं हे कोणी विचारलं नाही, दंड किती जाड आहेत तेवढं पाहिलं. सिलिंडर ढकला, खाटा हलवा, मेलेल्याला पिशवीत घाला. तिथं पुरुष नर्सला ब्रदर म्हणत, आणि "ब्रदर, जरा या" अशी हाक आली की समजावं, काहीतरी जड आहे. शीर शोधायला किंवा नळी बसवायला कोणी हाक मारत नसे, ती नाजूक कामं. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हमाली हा विषय नव्हता, परीक्षा मात्र रोज त्याचीच चालली होती. तो मनातल्या मनात सगळ्यांच्या कुळांचा उद्धार करत उचलायचा. विनम्र सेवक वगैरे तो मुळीच नव्हता.

इमारतीतले लोक बाल्कनीत उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत. त्याच लोकांनी एकदा खालून हाक मारून विचारलं, की तुम्ही जाता-येता कोणता जिना वापरता, म्हणजे आम्हाला दुसरा वापरता येईल. इमारतीला जिना एकच होता. असल्या टाळ्यांपेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याला जास्त आवडलं असतं.

बायकांच्या वॉर्डात ब्रदरनं शक्यतो रुग्णाला हात लावायचा नाही, लावलाच तर शेजारी सिस्टर हवी, असा नियम होता. नियम बरोबर होता, त्यालाही मान्य होता. पण सिस्टरच एकेक करून आजारी पडू लागल्या तेव्हा नियमाला कोण भीक घालणार? त्यालाही तिथं पाठवलं, उचलायला.

त्या वॉर्डात फरशांच्या एका मोठ्या दुकानदाराची बायको होती. एका दुपारी तिचा श्वास बिघडला. डॉक्टर म्हणाले, पालथं करा, पालथं झोपवलं की फुफ्फुसं मोकळी होतात. हे काम एकट्यादुकट्याचं नाही. दोघांनी दोन बाजूंनी अंग फिरवायचं आणि एकानं डोकं, मान आणि ऑक्सिजनची नळी सांभाळायची. वॉर्डात एक थकलेली सिस्टर होती, एक आया होती आणि तिसरा हा.

बाईंचा फोन खाटेच्या कठड्याला बांधलेला होता आणि व्हिडिओवर नवरा होता. साथ सुरू झाल्यापासून या गृहस्थानं घराचा उंबरा ओलांडला नव्हता. बायकोला दवाखान्यात पोचवायलाही ड्रायव्हर आला होता. ब्रदर पुढे झालेला दिसताच त्याला कंठ फुटला.

"माझ्या बायकोला परपुरुषाचा हात लागता कामा नये. बाई बघा दुसरी."

उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, हा सोफ्यावरून हाकत होता. डॉक्टर काचेपलीकडे होते. मागच्याच आठवड्यात कुणा नातेवाइकांनी हॉस्पिटलच्या काचा फोडल्या होत्या, तेव्हापासून डॉक्टरांचा कणा जागेवर नव्हता. थांबू या थोडं, बघू बाई मिळते का, असं म्हणून ते मूग गिळून बसले. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा काही थांबायला तयार नव्हता, तो उतरतच होता. ब्रदरला नवऱ्याची किळस आली, डॉक्टरांची आली आणि सगळ्यात जास्त स्वतःची, कारण नवऱ्याचा आवाज चढताच त्यानंही हात मागे घेतले होते. नोकरी नवी होती ना.

बाईंनी मास्क जरा उचलला.

"हे येणार आहेत का आत?"

फोनमधला नवरा सोफ्यावर आणखी मागे सरकला.

"मग पालथं करा मला."

सिस्टरनं फोन सोडवून उशीखाली सरकवला. ब्रदरनं डोकं धरलं आणि तिघांनी मिळून बाईंना पालथं केलं. आकडा बराच वेळ रेंगाळला आणि मग चढू लागला. थोड्या वेळानं डॉक्टरांनी नवऱ्याला कळवलं, की वेळेवर एक बाई मिळाली. ब्रदर तिथंच उभा होता. त्याला थुंकावंसं वाटलं, पण तोंडावर मास्क होता.

बाई वाचल्या. घरी सोडायच्या दिवशी नवरा गाडी घेऊन आला. डॉक्टरांना मोठा गुच्छ, सिस्टरना छोटे, आणि आमच्या घरच्या बाईमाणसाची अब्रू तुम्ही जपलीत, असं लांबून भाषण. ब्रदर व्हीलचेअर ढकलत होता, म्हणजे नवऱ्याच्या हिशेबी तो चेअरचाच भाग.

दाराबाहेर पायऱ्या होत्या. बाई उठल्या तर पाय लटपटत होते. त्यांनी नवऱ्यापुढे हात केला. नवऱ्यानं त्या हाताकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकला.

"तुम्हीच धरा ना तिला," तो ब्रदरला म्हणाला. "अजून अंगात काय असेल, नसेल. तुम्हाला सवय असते."

"मी पुरुष आहे," ब्रदर म्हणाला. "चालेल ना?"

दुकानदार खिशात काहीतरी शोधू लागला. बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी ब्रदरचा दंड घट्ट पकडला आणि पायऱ्या उतरल्या. तोवर नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलाही होता. बाई मागे बसल्या, त्यांनी काच खाली केली आणि पुढच्या सीटवर नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घरी मला धरायला कोणी आहे असं दिसत नाही, ब्रदर. तुमचा नंबर देऊन ठेवा."

दुकानदारानं मान वळवली नाही. ब्रदरनं एकेक आकडा सावकाश, मोठ्यानं सांगितला.