ठेच्याचा भोंगा

बारामतीत मी मुलींचं वसतिगृह चालवते. अग्निशमन दलाचे एक पन्नाशीचे गृहस्थ तपासणीला आले, तेव्हा मी सगळे कागद क्रमाने लावून ठेवले होते. त्यांनी ते उघडलेही नाहीत. दाराशी बूट काढून ते थेट स्वयंपाकघरात गेले.

"मावशी, ठेच्याच्या मिरच्या भाजा बघू."

"नगं सायेब, भोंगा वाजतोय. रोजचंच हाय."

"वाजू द्या की."

मिरच्या तडतडल्या, ठसका उठला आणि छताला लावलेला धुराचा भोंगा सुरू झाला. ते खोकत खोकत जिन्याखाली जाऊन घड्याळ बघत उभे राहिले. तीन मिनिटांत एकही मुलगी खाली आली नाही. वरून फक्त आवाज आला, "मावशी, लसूण जास्त घाला."

मी हसले, ते हसले नाहीत. "ताई, पोरींना न उठायची सवय लागलीय."

नोटीस काढणं त्यांच्या हातात होतं. त्याऐवजी त्यांनी सुधारणेला आठ दिवस दिले. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेवर वाजणारं यंत्र बसवून घेतलं आणि पुन्हा येऊन मिरच्या भाजायला लावल्या. भोंगा गप्प राहिला.

गेल्या महिन्यात भरदुपारी वरच्या मजल्यावर इस्त्रीनं गादी पेटली. भोंगा वाजताच साठ मुली अंगणात आल्या, कुणी अनवाणी, कुणी ओल्या केसांनी. त्या गृहस्थांचं नाव मी विचारलंच नव्हतं. हात जोडावेत असं वाटलं, पण हातात हजेरीची वही होती. एकाही मुलीला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही.