तानुबाईंचा दिवसाचा नेम

आमच्या अंगणवाडीत मी सेविका आणि तानुबाई मदतनीस. जानेफळच्या अर्ध्या गावाला त्यांच्या हातची खिचडी ठाऊक. गुडघे गेलेत, बसलं की उठवत नाही, तरी रोज घरोघर जाऊन लेकरं गोळा करतात. गोष्टी मात्र दिवसा सांगायच्या नाहीत, हा त्यांचा नेम. दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो म्हणे. मीही लहानपणी हेच ऐकलंय, म्हणून कधी वाद घातला नाही.

परवा नव्या टीव्हीवर लेकरांना कार्टूनचा सिनेमा लावला. त्यातली छकुली दारातच अडली. तिची आई मेहकरच्या दवाखान्यात होती आणि त्या दिवशी दुपारी मामा तिला गाडीनं घरी आणणार होता.

"आजी, हे गोष्ट हाय का?"

तानुबाई चुलीपुढे घामानं निथळत होत्या. "नाई व माय, हे टीवी हाय. बस तू."

सिनेमातली पोर सावत्र आईजवळ, अंतराळातल्या यानात राहणारी. दिवसभर यंत्रं घासायची. तानुबाई पळी घेऊन दारात आल्या. "पाहा ताई, चंद्रापलीकडं गेली, तरी पोरीच्या हातची घासणी काई सुटली नाई!"

मी दमलेली होते, तरी हसले.

पुढे राजपुत्र तिला न्यायला निघाला आणि त्याचं यान ताऱ्यांत भरकटलं. छकुली ताडकन उठली. "हे गोष्टच हाय! माहा मामा चुकला!" तिनं टीव्हीचं बटण बंद केलं.

"अवो, कार्टून हाय ते!" आमीर ओरडला. "लाव ना व!"

तिनं कुणाला बटणाजवळ येऊ दिलं नाही.

दुपार झाली. मामाचा फोन लागेना. बाकीची लेकरं घरी गेली. छकुली खिचडीला न शिवता पायरीवर बसली. मी तिला तिच्या शेजारणीकडे ठेवू म्हटलं, तर तानुबाई म्हणाल्या, "मी खोटं बोलली तिच्यापाशी. तुम्ही जा ताई, मी बसते."

मला जाववलं नाही. मनातल्या मनात मारुतीरायाचं नाव घेत मीही बसले.

ऊन उतरल्यावर गाडी आली. आई उतरली, वाळलेली, पण आपल्या पायांवर. छकुली तिच्या कमरेला बिलगली आणि मामाला म्हणाली, "चुकला होता ना तू?"

"हाव व! रस्ता खोदून ठेवला हाय, आडरस्त्यानं भलतीकडंच गेलो. तुले कोनं सांगतलं?"

छकुलीनं तानुबाईंकडे पाहिलं.

"माह्यामुळं झालं, बापू," तानुबाई म्हणाल्या.

मामाला काही कळलं नाही. दोष रस्त्याच्या खोदकामाचा, असं मी म्हणणार होते, पण तानुबाईंचा चेहरा पाहून म्हटलं नाही. गाडी गेल्यावर मी हात दिला, तेव्हा कुठे त्या पायरीवरून उठल्या.