वेंडेलच्या निरोपातलं नाव

आमच्या गावातून फुटबॉलच्या पहिल्या डिव्हिजनपर्यंत पोचलेला माणूस एकच, चेपे बर्नाबाश, म्हणजे आमचा बर्नी. मिडफिल्डला, आठ नंबर. अकरा वर्षं खेळला. लोकांना आठवतो तो मात्र एकच पास, आणि तोही मागे दिलेला.

बर्नीचा बाप वेंडेल कोळशाच्या खाणीत होता. पोरगं पाच वर्षांचं झालं तेव्हापासून वेंडेल कामावरून आला की काळं तोंड न धुताच त्याला चर्चमागच्या भिंतीशी न्यायचा. "उजवा! आता डावा! अरे, चेंडूला लाथ मारायची नसते गाढवा, त्याला सांगायचं असतं कुठं जायचं ते!" चौदाव्या वर्षी शहराच्या क्लबनं बर्नीला उचललं. तो खाणवाल्यांचाच क्लब, वेंडेलचा बापसुद्धा त्याच क्लबच्या मॅचला उभा राहून ओरडायचा. बर्नी पहिल्यांदा त्या मैदानात उतरला तेव्हा वेंडेल शेजारच्याला म्हणाला, "तो पाय बघ. तो पाय चुकत नाही." पुढं अकरा वर्षं तो हेच म्हणत राहिला, आणि खरं सांगायचं तर त्यात फारशी बढाई नव्हती.

मग ती शेवटच्या फेरीची मॅच आली. बरोबरी झाली तरी क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये टिकणार होता. ऐंशी मिनिटं बरोबरी टिकली. बर्नीकडे चेंडू आला, आजूबाजूला कुणी नाही. त्यानं तो गोलकीपरला परत दिला आणि तो इतका हळू गेला की समोरच्या टीमच्या पोरानं मधेच गाठून आरामात गोल मारला. क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला, आणि दोन वर्षांत बंदच पडला. मैदानावर आता गवत माजलंय.

खरी गोष्ट अशी होती की बर्नीच्या उजव्या पावलातलं एक बारीक हाड तीन आठवड्यांपासून तडकलेलं होतं. डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी खेळायचा शिक्का दिला नसता. म्हणून क्लबचा मालिशवाला दर मॅचआधी लपून बधिर करणारं इंजेक्शन द्यायचा. त्या दिवशी बर्नीनंच हट्ट केला, "अजून एक दे." मालिशवाल्यानं दिलं. हाफटाइमनंतर त्याला पाऊल लाकडाचं असल्यासारखं वाटत होतं. चेंडू लागला की नाही, तेही कळेना.

बर्नीनं पैसे खाऊन मॅच विकली अशी बोंब उठली. चौकशी झाली, लाचेचा एक फोरिंटही कुठं सापडला नाही. इंजेक्शनचं मात्र बर्नी बोलला नाही. मालिशवाल्याच्या घरी दोन तान्ही पोरं, त्याची नोकरी गेली असती. "दमलो होतो," एवढंच त्यानं लिहून दिलं. वर्षभरानं मालिशवाला जर्मनीला गेला, तेव्हा बर्नीनं सगळं सांगायला सुरुवात केली. पण तोवर उशीर झाला होता, कोण ऐकतंय!

आमच्याकडे विकलेल्या मॅचला मेंढीचा कोट म्हणतात. त्यामुळे भर उन्हाळ्यात बर्नी दारूच्या गुत्त्यात शिरला की तिथला रोजचा गिऱ्हाईक येनो कोपऱ्यातून ओरडायचा, "काय रे बर्नी, उकडत नाही का कोटात?" सगळे हसायचे. तो लंगडत घरी जायचा. शेवटी त्यानं गावात येणंच सोडलं, शहरात टायरच्या गोदामात कामाला लागला. बापानं तर मॅचच्या दिवसापासूनच बोलणं टाकलं होतं. एकटी त्याची आई रोझाल त्याच्या बाजूनं होती. "माझं पोर असलं काम करणार नाही," असं ती येनोच्या तोंडावर म्हणायची.

अशी नऊ वर्षं गेली. फेब्रुवारीत आईचा फोन आला.

"बाबांचं आता काही खरं नाही रे. फुप्फुसात सगळी कोळशाची भुकटी. आणि ऐक, काल अंब्रुशकाका येऊन गेले. वही घेऊन."

बर्नी समजला. अंब्रुशकाका आमच्या चर्चचे गायक. कुणी गेलं की थडग्याशी उभं राहून ते मेलेल्याच्या तोंडून निरोपाची गाणी म्हणतात. बायकोला एक कडवं, मुलाला एक, भावाला एक, नावं घेऊन. अख्खं गाव कान देऊन ऐकतं. ज्याचं नाव आलं नाही, तो मेलेल्याचा कुणी लागत नव्हता असं धरतात, आणि ही गोष्ट तिसऱ्या पिढीपर्यंत विसरत नाहीत. शहाणी माणसं आधीच बोलावून सांगून ठेवतात.

"माझं नाव नाही ना त्यात?"

"शेजारच्या मार्गितचं आहे. तुझं नाही." आई रडायला लागली. "बर्नी, मला या गावात राहायचंय रे. ये. त्यांच्याशी बोल."

तो त्याच दुपारी आला. वेंडेल उशांना टेकून बसला होता, नाकात ऑक्सिजनची नळी. पूर्वीचा दांडगा माणूस, आता पोराच्या शर्टात मावला असता.

"बाबा, मी मॅच विकली नाही," बर्नी म्हणाला आणि पावलाचं, इंजेक्शनचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. बूट-मोजा काढून हाडावरचं टेंगूळही दाखवलं.

वेंडेलनं पाहिलंसुद्धा नाही. "तो पाय चुकत नाही," तो धापा टाकत म्हणाला. "मी घडवलाय तो. माझ्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट धड झाली. तो पास जाणूनबुजून दिलेला होता."

"पाऊल बधिर होतं हो!"

"झोपेतसुद्धा त्या पायानं पास बरोबर दिला असता." बराच वेळ त्याला नुसता खोकला येत राहिला. "पाप केलंस तर माफ करीन. मी काय देव नाही, मीही पापी आहे. पण मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलतोस? त्याला माफी नाही. जा."

बर्नी अनवाणी पावलानं तसाच उभा राहिला. राग आला होता, ओरडावंसं वाटत होतं. स्वयंपाकघरात आई सूप ढवळता ढवळता थांबली होती, ते त्याला ऐकू येत होतं. तिनं या घरात एकटीनं राहायचं, दर रविवारी चर्चला जायचं, आणि बायकांनी बाकावर तिच्यापासून लांब सरकून बसायचं. नवरा गेला, पोराचं नाव नाही, काय घर म्हणायचं! शेवटी तो पलंगाच्या कडेला बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "हो. विकली."

वेंडेलचे डोळे भरून आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं पोराचा हात धरला.

"बघ, मला ठाऊक होतं," तो म्हणाला. चेहऱ्यावर समाधान असं की बर्नीला बघवेना. "पाय नव्हता चुकला."

"नाही बाबा. पाय नव्हता चुकला."

"अंब्रुशला बोलाव."

अंब्रुशकाका वही घेऊन आले, दार लावून अर्धा तास आत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी वेंडेल गेला.

मातीला सगळं गाव लोटलं होतं. टेकडीवर चिखल, बायकांच्या काळ्या शाली वाऱ्यानं उडत होत्या. बर्नी आईला धरून उभा होता. नाव यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. अंब्रुशकाकांनी गळा साफ केला. पहिलं कडवं रोझालला, दुसरं मार्गितला. मग त्यांनी बर्नीकडे मान वळवली, खणखणीत आवाज लावला:

"बर्नाबाश, पोरा, सामना विकलास,
मरणाच्या दारी खरं बोललास.
बापानं केलं तुला आज माफ,
गावानंही करावं मन साफ."

कुणी हसलं नाही. उलट बायका डोळे पुसत होत्या. माती लोटून झाल्यावर माणसं एकेक करून बर्नीकडे आली, हात हातात घेतला. येनोनं तर मिठी मारली. "बरं केलंस रे सांगून टाकलंस. आजपासून मी काही बोललो तर जीभ झडो माझी." त्यानं खिशातली पालिंकाची, घरच्या फळांच्या दारूची, बाटली बर्नीच्या हातात कोंबली. इतक्या प्रेमानं या गावात त्याच्याशी कुणी कधी बोललं नव्हतं, पहिल्या डिव्हिजनमध्ये होता तेव्हासुद्धा.

लोक उतरायला लागले तसा त्यानं आईचा हात पुन्हा धरायला हात पुढं केला. रोझालनं हात शालीत ओढून घेतला.

"नऊ वर्षं मी सगळ्यांशी भांडले," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. तुझ्या बापाशीसुद्धा."

"आई, ऐक, तो पास मी..."

"नको," रोझाल म्हणाली. "मला तरी आता खोटं सांगू नकोस." आणि ती मार्गितचा दंड धरून टेकडी उतरू लागली.