ओळखीचा सांधा

बंद पडलेल्या सायकल कारखान्याच्या भिंतीला लागून दर रविवारी सकाळी जुन्या सायकलींचा बाजार भरायचा. त्या बाजारात भिंगवाले काकांना न दाखवता शहाण्या माणसाने सायकल घेतली, असं सहसा घडत नसे. काकांना खरं नाव होतं, पण ते आता वीजबिलापुरतं उरलं होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एक खोली, एक खाट, आणि रविवारची वाट बघणं, एवढाच संसार.

त्याच कारखान्यात बावीस वर्षं काका तपासणीच्या शेवटच्या टेबलापाशी उभे होते. मोठ्या कंपनीसाठी तयार झालेली प्रत्येक फ्रेम त्यांच्या डोळ्याखालून जाई आणि मगच तिच्यावर शिक्का बसे. कारखाना बंद झाला, कंपनीने माल दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली, आणि तिच्या जुन्या सायकलींना सोन्याचा भाव आला. मग खोट्या मालाचं पीक यायला कितीसा वेळ? कुठल्याही फ्रेमला चकाकी मारायची, वर कंपनीचं नाव चिकटवायचं, चार दिवस उन्हात टाकून जुनी करायची आणि "एका डॉक्टरांची आहे, त्यांना चालवायला वेळच मिळाला नाही," असं सांगून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची. असे वेळ नसलेले डॉक्टर बाजारात दर रविवारी दहा-बारा तरी निघत.

काका आधी नावाच्या कडेवरून नख फिरवत. खऱ्या मालात नाव चकाकीच्या खाली असतं, नख अडत नाही. मग सायकल उलटी करून पायडलच्या नळीखालचा नंबर बघत. मग ब्रेकची वायर फ्रेमच्या आत जाते त्या भोकाची कड. आणि सगळ्यात शेवटी खिशातून भिंग काढून हँडलखालचा सांधा. तिथे मात्र ते इतका वेळ थांबत, की विकणाऱ्याला घाम फुटे.

त्या सांध्यातलं गुपित त्यांच्या घरातलंच होतं. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे काकांचे दाजी, कारखान्यात वेल्डर होते. काकांना तिथे चिकटवलं तेही त्यांनीच. दाजींचं वेल्डिंग म्हणजे नाण्यांची चळत आडवी पाडावी तशी एकसारखी लहर, आणि शेवटी हात उचलताना राहिलेली एक बारीक शेपटी, वहीत स्वल्पविराम द्यावा तशी. साहेबांनी ती मोडायला सांगितलं होतं. दाजींना काही ती मोडता आली नाही. "सही आहे ती माझी," असं म्हणून ते हसत. नख, नंबर, भोक यांची नक्कल होऊ शकते, पण दाजींच्या हाताची कोण करणार? तो स्वल्पविराम दिसला की काकांच्या मनातला किंतु संपायचा. त्यांनी ते लपवूनही ठेवलं नव्हतं. कोणी विचारलं की भिंग त्याच्या हातात देऊन ते कौतुकाने दाखवत, हे बघा, हा आमच्या माणसाचा हात.

एका रविवारी एक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि दात बनवून देणाऱ्या ठिकाणी त्या काम करत. दोन बस बदलून जायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यातच जातो, म्हणून त्यांना सायकल हवी होती.

"काका, नीट बघा हं," त्या म्हणाल्या. "मी दिवसभर खोटे दात बनवते. निदान सायकल तरी खरी असू दे."

काका हसले आणि कामाला लागले. नख अडलं नाही. भोकाची कड गुळगुळीत होती. नंबरात पाचाचा आकडा मात्र शेजाऱ्यांपेक्षा केसभर वर चढलेला होता. काका तिथे घुटमळले. मग त्यांनी भिंग सांध्यावर नेलं. लहर एकसारखी, आणि शेवटी ती शेपटी. पाचाचा आकडा त्यांच्या मनातून गेला.

"घ्या बाई," ते म्हणाले. "डोळे झाकून घ्या."

चार महिन्यांनी त्या बाई पुन्हा बाजारात आल्या त्या चालत. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, हनुवटीवर टाक्यांची ताजी रेघ. मागे त्यांचा भाऊ होता आणि त्याच्या हातात गोणपाटात गुंडाळलेली फ्रेम. त्याने ती काकांच्या पायाशी ठेवली. त्याला बोलायचं होतं, पण बाईंनी त्याला गप्प केलं.

"मी भांडायला आले नाही," त्या म्हणाल्या. "उतारावर होते. पुढचं चाक एकदम वेगळंच झालं. मला फक्त सांगा, ही खरी होती का?"

काका गुडघ्यावर बसले. हँडलखालची नळी साफ तुटली होती. सांधा शाबूत होता, स्वल्पविरामासकट. तुटलं होतं ते सांध्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर. आणि जिथे रंगाचे पापुद्रे उडाले होते, तिथे खाली उघडा धातू दिसत होता. कारखान्यात रंगाच्या खाली हिरवट अस्तर दिल्याशिवाय एकही फ्रेम पुढे सरकत नसे. वरून ते दिसत नाही. फ्रेम फुटली किंवा रंग खरवडला तरच दिसतं.

"नाही," काका म्हणाले. "खरी नव्हती."

"पण तुम्ही डोळे झाकून घ्या म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

बाईंनी मान डोलावली, जणू एवढंच ऐकायला त्या आल्या होत्या. भाऊ फ्रेम तिथेच टाकून त्यांच्या मागे गेला.

त्याच दुपारी काका बहिणीच्या घरी गेले. ताईने दार उघडलं आणि त्यांचं तोंड बघून "बरं नाही का रे?" म्हणून विचारलं. दाजी मागच्या खोलीत पंख्याखाली बसून चष्म्याच्या काड्या घट्ट करत होते. काकांनी गोणपाट उलगडून तुटलेला तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला.

दाजींनी तो उचलला, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "माझं वेल्डिंग सुटलं का?"

"नाही. शेजारी तुटलं."

"मग."

"दाजी, हे कारखान्यातलं नाही."

"नाही," दाजी म्हणाले. "कारखाना बंद होऊन किती वर्षं झाली, तूच सांग. दोन वर्षं मी या खुर्चीत बसून भिंत बघितली. मग दीड वर्षापूर्वी एक जण आला. बर्फाच्या कारखान्यामागे पत्र्याची शेड आहे. नळ्या चांगल्या असतात, मशीन चांगलं आहे. मी आहे तसंच जोडतो. हात आखडता घेत नाही."

"आणि भट्टी?"

दाजी तुकडा हातात उलटासुलटा करत राहिले. वेल्डिंगच्या आचेने ॲल्युमिनियम सांध्याशेजारी मऊ पडतं. फ्रेम भट्टीत तापवून तो कस परत आणावा लागतो, हे दोघांनाही तोंडपाठ होतं. तापवलेली फ्रेम आणि न तापवलेली फ्रेम शेजारी ठेवली, तर देवालासुद्धा फरक दिसणार नाही. तो कळतो चार महिन्यांनी, नाहीतर वर्षाने, रस्त्यावर.

"भट्टी नाही," शेवटी ते म्हणाले. "घ्या म्हणून किती वेळा सांगितलं मालकाला."

"एका बाईचा हात गेला, दाजी. दात घडवते ती. हातावरच पोट आहे तिचं."

दाजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा उतरवला. ताई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

काका म्हणाले, "निदान ती शेपटी तरी मोडा. मला ओळखता येईल असं काहीतरी करा. बाकी मी काही मागत नाही."

दाजींनी त्यांच्याकडे असं बघितलं, की काकांना वाटलं, हा माणूस आता आपल्याला हाताला धरून बाहेर काढणार. पण त्यांचा आवाज अगदी मवाळ होता.

"तुला अजून कळलं नाही का रे? वेल्डर काय, ढिगाने मिळतात. मालकाने मलाच का शोधून काढलं? बाजारात एक भिंगवाला आहे, तो ती शेपटी बघून मान हलवतो, असं त्याला कोणीतरी सांगितलं. तू मान हलवतोस, म्हणून मला काम आहे."

काका घरी कसे आले, त्यांना आठवत नव्हतं. जिना चढून खाटेवर बसले आणि गेल्या दीड वर्षात कोणाकोणाला "घ्या" म्हटलं ते आठवू लागले. पोस्टातला एक मनुष्य, मुलीला मागे बसवून न्यायचं म्हणून कॅरिअर बघत होता. कॉलेजातल्या दोन मैत्रिणी, एकाच रंगाच्या सायकली हव्यात म्हणून हटून बसल्या होत्या. एक म्हातारे मास्तर, ज्यांनी तीनदा आभार मानले. चेहरे आठवत होते, पण पत्ता एकाचाही नव्हता.

पुढच्या रविवारी ते बाजाराच्या तोंडाशी उभे राहिले आणि येईल त्याला सांगू लागले, की माझ्याकडून बघून घेतलेली सायकल असेल तर घेऊन या, हँडलखालचा रंग खरवडून बघू. काहींना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. एक तरुण थांबला. त्याने स्वतःच खिळा घेऊन रंग खरवडला. खाली उघडा धातू होता.  सायकल भिंतीला टेकवून तो तिच्यापासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

तिसऱ्या रविवारी विकणाऱ्यांनी काकांना बाजूला घेतलं. मारहाण वगैरे नाही, उलट चहा दिला. "काका, तुमचं वय झालं. घरी बसा. आमच्या पोटावर का पाय देता?" त्यातल्या दोघांची मुलं काकांच्या अंगाखांद्यावर खेळलेली होती. एकाने मात्र जाता जाता विचारलं, "एवढंच आहे तर माल कुठून येतो ते पोलिसांना सांगा की. माहीत असेल तर." काकांनी मान खाली घातली. त्यांना माहीत होतं, आणि ते सांगत नव्हते.

ताई आली तीही त्याच आठवड्यात. दर बुधवारी ती डबा घेऊन यायची. या वेळी हात रिकामे होते. ती खाटेच्या कडेला बसली.

"त्यांचं नाव घेऊ नकोस," ती म्हणाली.

"घेतलं नाही."

"घेणारही नाहीस ना?"

 ताईने पदराने उगाचच स्टुलावरची धूळ पुसली. "मी त्यांना सोडा म्हणाले," ती म्हणाली. "ते म्हणाले, सोडतो, आणि सकाळी उठून पुन्हा शेडवर गेले. परत आले तेव्हा तोंडात घास फिरत नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी गेलेच. त्यांना घरी बसवलं तर मरतील रे ते. आणि आता तुझ्याकडे बघितलं की मला ती बाई दिसते. मी काय करू?" त्यानंतर बुधवारी डबा आला नाही. काकांनीही विचारलं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

एकदाच, धीर करून, ते त्या दात बनवणाऱ्या बाईंच्या कामाच्या जागी गेले. लांबट खोली, पांढऱ्या उजेडाचे दिवे, टेबलावर ओळीने जबड्यांचे साचे. बाई कोपऱ्यात बसून तयार कवळ्या डब्यांत भरत होत्या, डाव्या हाताने. प्लास्टर निघालं होतं, पण उजव्या हाताची दोन बोटं तशीच आखडून राहिली होती.

"बारीक काम नाही जमत आता," त्यांनी सांगितलं. "इथून काढून टाकलं नाही, हेच खूप."

काका काहीतरी बोलायला गेले. बाईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही नंबरापाशी थांबला होतात. मी बघत होते. तेव्हा 'बाई, मला शंका आहे' एवढं म्हणाला असतात, तरी मी परत गेले असते. मला खात्री नकोच होती, काका." मग डबा बाजूला सारून त्या म्हणाल्या, "पुन्हा येऊ नका. राग नाही. पण तुम्ही आलात की हात दुखतो."

त्यानंतर काका बाजारात गेले नाहीत. भिंग त्यांनी कुठे ठेवलं की टाकलं, हे कोणी विचारलं नाही. पत्र्याची शेड चालूच राहिली. दाजींची दृष्टी अधू झाली तरी हात चालत होता, असं कोणाकोणाकडून कानावर येई.

मग एके दिवशी खालच्या मजल्यावरचे शिंपी वर आले. मुलगी नोकरीला लागली होती, तिच्यासाठी सायकल बघायची होती. "तुम्ही चला, म्हणजे निर्धास्त होईन," ते म्हणाले.

"नवी घ्या," काका म्हणाले. "साधी घ्या, पण नवी."

"नवी परवडली असती तर जिने चढून आलो असतो का?"

"मला ओळखता येत नाही हो. कोणालाच येत नाही. घेतलीच तर रंग खरवडून बघा."

"रंग खरवडला तर उद्या ती विकायची कशी?" शिंप्यांना हा नखरा वाटला. ते काहीसे दुखावून खाली गेले आणि रविवारी एकटेच जाऊन सायकल घेऊन आले. निळी, मोठ्या कंपनीची, एका डॉक्टरांची.

काकांनी दोनदा जाऊन त्यांना सांगितलं. एकदा मुलीलाही सांगितलं. ती हसून म्हणाली, "आजोबा, मी हळू चालवते." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा शिंप्यांनी दार पूर्ण उघडलंच नाही.

आता रोज सकाळी साडेआठला जिन्याखालचं कुलूप वाजतं आणि सायकल बाहेर पडते. संध्याकाळी सहापासून काका दार किलकिलं करून उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसतात. खाली स्टँड लागल्याचा आवाज आला की उठून दिवा लावतात. आवाजाला उशीर झाला तर अंधारातच बसून राहतात.